सासूबाईंच्या बोटावरची पाकोळी

हसा म्हटलं की लोक घाबरतात आणि हलू नका म्हटलं की हटकून हलतात. श्रीरामपूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता, आणि अकरा वर्षं हाच अनुभव घेऊन माझा स्वभाव चिडका झाला होता. असं मी म्हणतो. माझी बायको मुक्ता म्हणते की स्वभाव मुळातच तसा होता, उगाच गिऱ्हाइकांच्या नावावर खपवू नका.

लग्नं, बारशी, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप, सगळं मी काढलं. एका माणसाचा फोटो मात्र मला कधी काढता आला नाही, तो म्हणजे माझ्या सासूबाईंचा. बनुबाई त्यांचं नाव. देवळाली प्रवरेच्या शिवारात त्यांचा तीन एकर ऊस होता आणि सासरे गेल्यापासून त्या एकट्याच तो बघत होत्या. माझा कॅमेरा पिशवीतून बाहेर आला की सासूबाई घरात जायच्या. "फोटू भितीवर चढला की मागनं हार येतोय," हे त्यांचं ठाम मत. आणि खोटं कसं म्हणू? माझा निम्मा धंदा मेलेल्या माणसांचे जुने फोटो मोठे करून देण्याचाच होता.

दुसरं म्हणजे त्या माझ्याशी थेट बोलत नसत. जावयाशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही त्यांच्या माहेरची रीत. मी दोन हातांवर बसलेला असलो तरी त्या मुक्ताला सांगायच्या, "मुक्ते, जावयांना विचार, आमटी वाढू का." मुक्ता मला विचारायची, मी मुक्ताला हो म्हणायचो आणि आमटी सासूबाई वाढायच्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत आमचं एकही वाक्य मुक्ताच्या नाक्यावर थांबल्याशिवाय पुढे गेलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली भाद्रपद अधिक आला. म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाचा महिना. सासरी जाऊन पाटावर बसायचं, पुरणाचे धोंडे खायचे आणि तेहेतीस अनारशांचं वाण घ्यायचं. काम म्हणून काडी उचलायची नाही. माझ्या मनात एक गुपित होतं. पुण्याच्या एका दुकानात मी माशीच्या डोळ्याचा फोटो पाहिला होता, परदेशी मासिकातला. असे फोटो काढायला वेगळं भिंग मिळतं असं दुकानदार म्हणाला आणि त्याने किंमत सांगितली. मी त्या दुकानाची पायरी उतरलो तो परत चढलो नाही. पण धोंड्याला अंगठीऐवजी काही दुसरं मागितलं तर चालतं का, असा विचार गुरुवारी एसटीत बसल्या बसल्या मी करत होतो.

पाटावर बसलो. तूप वाढून झालं. तेहेतीस अनारसे ताटात रचलेले, वर खसखस. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच सासूबाईंनी उसाचं एक पान आणून मुक्ताच्या हातात दिलं.

"मुक्ते, जावयांना सांग, ह्याचा फोटू काढायचाय. मोठ्ठा."

पानावर काय होतं ते मला आधी दिसलंच नाही. मग दिसलं. वाळल्या गवताच्या रंगाचे, पुढे चोच असलेले चार-दोन किडे. एक टुणकन उडून माझ्या तुपात पडला.

हीच ती पाकोळी. त्या वर्षी साऱ्या शिवारात तिने उच्छाद मांडला होता. ती पानातला रस ओढते, पानं चिकट होतात आणि चिकट्यावर काजळी धरते. ऊस उभा दिसतो, पण आतून खंगत जातो. सासूबाईंच्या शेजारी त्यांचे धाकटे दीर रंभाजी यांचं रान होतं. रंभाजीमामांचा शब्द गावात चालायचा. त्यांनी सोसायटीत ठरवून घेतलं होतं की मंगळवारी साखर कारखान्याचे लोक आणून सगळ्या शिवारावर कीड मारायची पावडर मारायची. आणि त्याआधी बनुबाईच्या उसाची पानं उतरवून जाळायची, कारण पांढरे ठिपके सगळ्यात जास्त तिच्याच रानात होते. पांढरे ठिपके म्हणजे पाकोळीची अंडी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईमाणसाची शेती, तिथूनच रोग पसरतोय, असं पारावर बोललं जात होतं.

"पांढरं दोन परकारचं हाय," सासूबाई मुक्ताला म्हणाल्या, पण सांगत होत्या मला. "येक पाकुळीची अंडी, कापूस लावल्यावानी. आन दुसरं येगळं. दुसरा येक बारका किडा हाय. पांढरा, लोकरीचा. त्यो पाकुळीच्या पाठीवर बसतोय, तिला शोशितोय, आन मंग पानावर कोश करून निजतोय. जिथं त्यो लई, तिथं पाकुळी कमी. म्या चार म्हयने बघती हाय. त्यो माझा गडी हाय. पावडर मारली तर पयला त्योच मरंल."

"मग मामांना पान दाखवायचं ना," मी मुक्ताला म्हणालो.

"दावलं की. भावजींनी पान हातात धरलं, असं लांब, आन म्हनले, दिसतंय की पांढरं. वाकून बघंनात. पुरुषमानूस बाईच्या हातातलं पान वाकून बघंल व्हय?" मग हळू म्हणाल्या, "मुक्ते, जावयांना सांग, तीन एकर ऊस हाय. पन उसाचं येक असूं दे. चार म्हयने म्या जे डोळ्यांनी बघितलं ते खोटं हाय असं समदं गाव म्हनतंय."

भिंगाचं गुपित मी अनारशाबरोबर गिळून टाकलं.

माझा कॅमेरा रशियन, पुण्याहून जुना घेतलेला. काढता येणारं भिंग, पण दीड हाताच्या आत काही धरायचं नाही. दीड हातावरून पाकोळी म्हणजे पानावरचा एक डाग. मी मुक्ताला सांगितलं, मुक्ताने आईला सांगितलं, की जवळचं बघायला पुढे आणखी एक काच लागते, आणि ती आपल्याकडे नाही.

सासूबाई उठल्या. कोनाड्यातून एक डबी काढली आणि उघडून मुक्ताच्या हातावर ठेवली. सासऱ्यांचा चष्मा होता, जाड गोल काचांचा. "ह्यांचा हाय. वाचायचा. जावयांना सांग, काच काढायची न्हाई. मोडायचा न्हाई."

शुक्रवारी पहाटे मी कॅमेऱ्याला सुतळीने चष्मा बांधला. तेव्हा मुक्ताला जे हसू फुटलं ते तिने अजून संपवलेलं नाही. "अहो, कॅमेरा म्हातारा झाला!" म्हणून ती बांधावर बसली. पण चष्म्याने काम केलं. एका वितीवरचं पान स्पष्ट दिसायला लागलं. मी निम्मा रोल त्यावर खर्च केला. उरलेल्या निम्म्यासाठी दुसरी युक्ती काढली. भिंग कॅमेऱ्यापासून जितकं पुढे न्यावं तितकं जवळचं दिसतं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून पुठ्ठ्याची नळी वळून भिंग आणि कॅमेरा यांच्या मध्ये घातली आणि वरून सायकलच्या फाटक्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. पाकोळी चष्म्यातून दिसली त्यापेक्षा मोठी दिसली. मला वाटलं, जिंकलो.

त्याच दुपारी एसटीने श्रीरामपूर गाठलं आणि रोल धुतला. नळीचे सगळे फोटो धुक्याने भरले होते. रबराला कुठेतरी फट राहिली आणि उजेड शिरला. चष्म्याचे बरे आले होते. पण मोठे करून पाहिलं तर पाकोळी गव्हाच्या दाण्याएवढी, आणि तिच्या पाठीवरचा सासूबाईंचा गडी म्हणजे फोटोवर उडालेला चुन्याचा ठिपका. रंभाजीमामा म्हणाले असते, पाव्हणं पान खात हुतं वाटतं.

शनिवारी परत गेलो तो स्पष्ट नाही म्हणायलाच. धोंड्याच्या महिन्यात जावयाने सासूला नाही म्हणायचं, हे तोंडावर आणणं सोपं नव्हतं. मुक्ताने अनारशाचं ताट पुढे ठेवलं. मी बोलायचं टाळत कॅमेरा पुसायला घेतला. भिंग काढलं. पुठ्ठ्याचा भुसा आत गेला होता, तो फुंकला. भिंगाची मागची बाजू पुसता यावी म्हणून ते हातात उलटं फिरवलं. आत अजून कचरा दिसतो का पाहावं म्हणून उलटं भिंग तसंच कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरलं आणि डोळा लावला.

समोर गोट्या होत्या. पांढऱ्या, गोल, एकेकीवर बारीक जाळी कोरलेली. त्यांच्याखाली भाजलेल्या पिठाचे डोंगर आणि गुहा. मी कॅमेरा खाली घेतला. समोर अनारसा होता. परत वर घेतला. परत गोट्या.

"मुक्ता," मी ओरडलो, "खसखस!"

"संपली. पाहिजे तर वाण्याकडनं आणते."

"अगं आणू नको, बघ!"

तिने पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. मग सासूबाईंना बोलावलं. त्यांनी पदर सावरून कॅमेऱ्याला डोळा लावला. कॅमेऱ्याच्या मागून, पुढून नव्हे, म्हणून चाललं. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "मुक्ते, येवढी जाळी. तरीच अनारसं खुसखुशीत झालंय."

इतकी वर्षं मी जे सरळ लावत होतो, ते नुसतं उलटं धरायचं होतं. पुण्याच्या दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने विकलं काय असतं? मला हसू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला होता की मी उरलेले सात अनारसे उभ्याउभ्याच खाल्ले.

उलट्या भिंगाची खोड एकच. ते फिरवून नेमकेपणा साधत नाही. किड्यापासून चार बोटांवर जायचं आणि अख्खा कॅमेरा केसभर पुढे, केसभर मागे करत राहायचं. श्वास घेतला तरी चित्र जातं. आणि उजेड भरपूर हवा. मी भिंग उलटं धरून ट्यूबच्या रबराने कॅमेऱ्याला पक्कं आवळलं. फट राहू नये म्हणून मुक्ताने वरून काळ्या चिंधीचे चार वेढे दिले.

रविवारी दिवस उगवायला आम्ही रानात होतो. पहाटेच्या दवात पाकोळी जड असते, लगेच उडत नाही, हे सासूबाईंचं ज्ञान. मी सरीत पोत्यावर पालथा पडलो. उसाची पानं मानेला कापत होती. सासूबाई समोर बसल्या, पदर कपाळापर्यंत, हातात पान. मुक्ता बांधावर घरातला आरसा घेऊन उभी, सूर्याची तिरीप पानावर टाकायला.

आणि मग सुरू झालं.

"मुक्ते, जावयांना सांग, उजव्या अंगाला हाय."

"अहो, आई म्हणते उजवीकडे."

"कुणाच्या उजवीकडे?"

"आई, ते विचारतात कुणाच्या."

तोवर पाकोळी उडाली.

"मुक्ते, जावयांना सांग, ही बसली. हिच्या पाठीवर गडी हाय. पान वर करू का?"

"अहो, आई विचारते, पान वर करू का?"

"नको! म्हणजे हो! थोडं!"

"आई, नको म्हणतात, म्हणजे हो, थोडं."

उडाली. मुक्ता निरोप द्यायला वळली की आरसाही वळायचा आणि उजेड शेजारच्या उसावर जायचा. असे सात फोटो गेले. आठव्याला माझ्या नाकावर पाकोळी बसली. नवव्याला मी जे काही बोललो ते सासरी, तेही धोंड्याच्या महिन्यात, बोलू नये. सासूबाईंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

बाराच फोटोंचा रोल, आता तीन उरले होते. दव वाळत चाललं होतं. सासूबाईंनी पानाचं टोक चिमटीत धरलं होतं. एक पाकोळी पानावरून चालत आली. तिच्या पाठीवर पांढरं काहीतरी होतं, लोकरीच्या टोपीसारखं. ती पानावरून उतरली आणि सासूबाईंच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर चढली. मी कॅमेरा पुढे नेला. मागे घेतला. धूसर. पुढे. धूसर. मुक्ता काहीतरी विचारायला तोंड उघडत होती.

"आवो कानिफराव, हलू नका! श्वास धरा! आत्ता! दाबा!"

मी दाबलं.

नऊ वर्षांत सासूबाईंनी माझं नाव घेतलं नव्हतं. माझं नाव त्यांना माहीत आहे की नाही, याचीही मला खात्री नव्हती. त्यांनी पदर तोंडात धरला. मुक्ताच्या हातातला आरसा हसण्याने इतका हलत होता की उजेड उसावर नाचत होता.

"बोट आलं!" मी चिडून म्हणालो, कारण चिडल्याशिवाय मला आनंद व्यक्त करता येत नाही. "अख्खं बोट आलंय फोटोत!"

सासूबाई सावरल्या. "मुक्ते," त्या शांतपणे म्हणाल्या, "जावयांना सांग, बोट माझंच हाय. कुठं जाईल?"

संध्याकाळी श्रीरामपूरला डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये सोडला. आधी बोट उमटलं. उसाने कापलेली, चिरांची कातडी, एका सांध्यावर गोंदणाचे तीन ठिपके आणि त्याखाली आडवा जुना वण. मग चोच. मग पंख, शिरांसकट. आणि शेवटी पाठीवरचा गडी. लोकरीच्या पुंजक्यात बसलेला, पाकोळीला घट्ट चिकटलेला, तोंड तिच्या अंगात घातलेला. मी तिथे एकटाच होतो, म्हणून सांगतो, डोळ्यांना पाणी आलं. हायपोच्या रसायनाचा वास फार होता, असं मी नंतर मुक्ताला सांगितलं.

मोठ्या आकाराचा कागद एकच उरला होता. बोट कापून फक्त किडे ठेवावेत असा माझा विचार होता. फोटोत बोट येणं म्हणजे फोटोग्राफरची नाचक्की. पण पाकोळी उभीच बोटावर होती. तिचे पाय कापल्याशिवाय बोट कापता येईना. शेवटी हात जोडले आणि आहे तसा मोठा केला.

सोमवारी दिवस मावळायच्या आत सोसायटीच्या ओसरीवर माणसं जमली. पावडरची यादी घेऊन कारखान्याचा शेतकी मदतनीस छगन आला होता. रंभाजीमामा मधोमध. बायका समोरच्या गिरणीच्या पायरीवर, त्यांच्यात सासूबाई, पाठ अर्धी वळवून. मी उभा राहिलो. मी गुंडाळी उलगडली आणि मामांच्या हातात दिली.

मामांनी फोटो धरला तो हात लांब करून. मान मागे घेतली. सगळे त्यांच्या खांद्यावरून डोकावले. कोण म्हणालं घुबड, कोण म्हणालं नांगराचा फाळ. छगनची पेन्सिल थांबली. मामा मात्र किड्याकडे बघतच नव्हते.

"ह्ये वैनीचं बोट हाय," ते म्हणाले.

"कशावरून मामा?" कुणीतरी विचारलं.

"ह्यो वन बघ की. कडबा तोडताना इळा लागला हुता. माझ्या लग्नाच्या सालाला. म्याच हळद भरली हुती." मग त्यांची नजर बोटावरून वर गेली. बोट ओळखीचं निघाल्यावर त्यावरचा किडा किती मोठा, हे कुणाला सांगावं लागलं नाही. "आन ह्ये पाठीवर काय बसलंय?"

मी तोंड उघडलं. पण गिरणीच्या पायरीवरून आवाज आला. सोसायटीच्या बैठकीत बाई बोलल्याची ती पहिलीच वेळ असावी.

"भावजी, त्योच माझा गडी. त्यो तिला खातोय. त्येला जाळू नका."

मामांनी फोटो छगनच्या हातात दिला. "काय रं साहेबा, खरं हाय?"

छगनने फोटो उलटसुलट पाहिला. "असा किडा असतो, म्हणून ऐकून आहे," तो कबूल झाला. "डोळ्यानं कधी बघितला नव्हता."

मामांना मागे हटायची सवय नव्हती. ते घसा खाकरून म्हणाले, "वैनीचं रान तेवढं सोडा. पानं जाळू नका, पावडर मारू नका. पंधरा दिस. मंग बघू. माझ्या रानात मातर उद्या मारायची." आणि फोटो घडी करायला लागले. मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. फोटोची घडी घालणाऱ्या माणसाला मी अजूनही माफ करत नाही.

पंधरा दिवसांनी मी परत गेलो. अनारशांसाठी, असं मुक्ताला सांगितलं. तेव्हाही धोंड्याचा महिना सरला नव्हता. सासूबाईंचा ऊस पाहिला. पानं धुतल्यासारखी. पाकोळी शोधावी लागत होती, आणि जी सापडे तिच्या पाठीवर गडी बसलेला. मामांच्या रानात पावडरीने आठ दिवस सगळं मेलं होतं. मग पाकोळी परत आली, आणि तिला खाणारं कुणी उरलं नव्हतं.

आम्ही ओट्यावर बसलो असताना मामा आले. काखेत रिकामी पाटी. ओट्याच्या खांबाशी उभे राहून इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. मग पाटी खाली ठेवली. "वैनी, तुमच्या गड्याची चार पानं द्या. माझ्या रानात लावतो."

मला वाटलं, आता सासूबाई बोलून घेतील. जाळायला निघालेल्या माणसाला चार शब्द सुनवायचा हक्क त्यांना होता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर चाळीस सुनावले असते. त्या विळा घेऊन रानात गेल्या आणि कोश असलेल्या पानांचे तुकडे घेऊन आल्या. एकेक करून पाटीत ठेवत मोजायला लागल्या. एकोणतीस, तीस, एकतीस. बरोबर तेहेतीस.

"धोंड्याचा म्हैना हाय," त्या म्हणाल्या. "कमी द्यायचं नसतं. बाभळीच्या काट्यानं उसाच्या पानाला टोचा. सावलीच्या अंगाला."

मामांनी एक पान उचललं आणि हात लांब करून धरलं. मान मागे. डोळे बारीक. "ह्यातली अंडी कोनती आन कोश कोनता?"

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मीही बघत होतो. तो लांब केलेला हात मी आधीही पाहिला होता, फोटो धरताना. पहिल्या दिवशी सासूबाईंनी त्याचं वर्णनही केलं होतं. आम्हा सगळ्यांना तो तोरा वाटला होता. माणसांचे चेहरे बघून पोट भरणारा मी, आणि एवढं मला कळलं नव्हतं.

सासूबाई आत गेल्या. कोनाड्यातली डबी घेऊन आल्या.

"भावजी, ह्यो घाला."

"मला दिसतंय."

"दिसतंय तर सांगा, कोश कोनता?"

मामांनी डबीकडे पाहिलं. चष्मा कुणाचा ते त्यांना सांगायची गरज नव्हती. बराच वेळ तो नुसता हातात धरला. मग कानावर चढवला आणि पान जवळ आणलं. आणखी जवळ आणलं.

"ह्ये कापसावानी, ही अंडी," ते पुटपुटले. "आन ह्यो लांबुडका… वैनी, ह्ये तर दोन येगळं हाय की वो."

"चार म्हयने त्येच सांगती हाय," सासूबाई म्हणाल्या. पाटी मामांच्या डोक्यावर द्यायला त्या अगदी पुढे आल्या. मामांनी पानावरून नजर वर केली ती नेमकी त्यांच्या तोंडावर. आणि तशीच राहिली.

"वैनी," ते हळू म्हणाले, "तुमी लई थकलात."

सासूबाईंनी पदर पुढे ओढला. मग त्या हसल्या. "जावा आता. पानं सुकत्याल. चष्मा न्या संगं. मोडायचा न्हाई मातर."

माझा हात नकळत कॅमेऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं, आता त्या घरात जाणार. त्यांनी मुक्ताकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मग मान माझ्याकडे वळवली.

"कानिफराव, काढा. आमा दोघांचा काढा. पन भिंग सरळ लावा, न्हाईतर पाकुळीवानी दिसू आमी."

मी भिंग सरळ बसवलं. चार पावलं मागे गेलो. हलू नका, म्हणालो. दोघंही हलले.